भाड्याच्या गाडीतून जनावरं आणताना वाटेत काही झालं तर भरपाई कोणाकडून?

घाटमाथ्यावरचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव विट्याच्या वरच्या अंगाला. फलटण तालुक्यातल्या एका गोठ्यातून दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई ठरवल्यात. एक दुसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण. दुसरी विलेली, खाली कालवड आहे. विसार देऊन झालाय, उरलेले पैसे गाई भरताना द्यायचे. दोन्हींचे मिळून दोन लाखांच्या वर जातात आणि त्यातले निम्मे सोसायटीचे.

वाट फलटण, मोगराळे घाट, दहिवडी, मायणी, विटा अशी. पिकअपवाला ओळखीचा आहे, माणूस चांगला. विम्याचं विचारलं तर म्हणाला, "दादा, गाडी फुल इन्शुरन्सची आहे, बिनघोर राहा." पण माझ्या मनातलं जात नाही. गाडीला विमा असेल, गाईला आहे का? घाटात गाडी कलंडली, गाय आत पडून तुडवली गेली, उतरवताना पाय मोडला, तर पैसे नेमके कोण देतं? गाई विकणाऱ्याने आपल्या गाईंचा विमा उतरवलेला आहे, तो उपयोगी पडेल का? ज्यांनी लांबून जनावरं आणलीत किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी सविस्तर सांगा.

माणदेशी

फुल इन्शुरन्स गाडीला फुल असतो. आतल्या मालाला त्यात छदाम नाही. एवढं पक्कं डोक्यात ठेवा, बाकीचं जाणकार सांगतील.

विमावाला_कराड

माणदेशींचं बरोबर आहे, थोडं फोडून सांगतो. रोज हाच गैरसमज ऐकतो.

गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, तो मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सक्तीचा. गाडीने रस्त्यावरच्या कोणाला उडवलं, कोणाची भिंत पाडली, दुसऱ्याची गाडी ठोकली, तर त्याची भरपाई त्यातून मिळते. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. हे दोन्ही असले की लोक 'फुल' म्हणतात. गाडीत भरलेला माल, मग सिमेंट असो, द्राक्षं असोत की गाय, या दोन्हींत बसत नाही. थर्ड पार्टीच्या मालमत्तेत 'गाडीतून वाहून नेला जाणारा माल' स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. त्यामुळे पिकअप कलंडली तर त्याला गाडीचे पैसे मिळतील, तुम्हाला त्याच्या पॉलिसीतून काही मिळणार नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. चूक समोरच्या ट्रकची असेल, त्याने येऊन पिकअपला ठोकलं आणि गाय मेली, तर त्या ट्रकच्या दृष्टीने तुमची गाय ही तिसऱ्याची मालमत्ता. त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतं. पण घाटात गाडी आपली आपणच कलंडली तर तो रस्ता नाही.

वाहतूकदाराने घ्यायचा आणखी एक विमा असतो, 'कॅरियर्स लीगल लायबिलिटी'. त्याच्या ताब्यातल्या मालाचं त्याच्या चुकीने नुकसान झालं तर तो विमा कामाला येतो. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांकडे असतो. आपल्याकडच्या एका पिकअपच्या मालकाकडे सापडणं अवघड. कोणी 'आहे' म्हणालं तर पॉलिसीचा कागद बघा आणि त्यात जिवंत जनावरं वगळलीत का, ते वाचा. वगळलेली असण्याची शक्यता दाट.

तिसरा मार्ग मालाचा प्रवासविमा, इनलँड ट्रान्झिट. तो मालाच्या मालकाने घ्यायचा. मोठा कळप पंजाब-हरियाणातून आणायचा असेल तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे. दोन गाईंसाठी एजंट फारसे हलत नाहीत, हे खरं.

तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे गाईचा स्वतःचा विमा, आणि तो गाडीत चढण्याआधी तुमच्या नावाने चालू झालेला. नेहमीच्या पशुविम्यात अपघात आणि रोगाने झालेला मृत्यू येतो. जनावर विमानाने किंवा जहाजाने नेलं तर तो लागू नसतो. रस्त्याने नेताना लागू असतो, पण काही पॉलिसींत अंतराची मर्यादा असते आणि त्यापुढे जादा प्रीमियम भरावा लागतो. फलटण ते विटा अंतर मोजा, पॉलिसीतली अट वाचा, आणि जास्त भरत असेल तर ते कलम लेखी वाढवून घ्या. एजंट तोंडी 'चालतंय' म्हणाला, एवढ्यावर गाय भरू नका.

घाटमाथ्यावरचा

धन्यवाद साहेब. मग विकणाऱ्याची पॉलिसी आहे ती चालूच आहे ना अजून? मार्चपर्यंत मुदत आहे म्हणतो तो.

विमावाला_कराड

कागदावर मुदत आहे, पण गाय विकली की त्याचा तिच्यातला हितसंबंध संपला. गाय मेली तर नुकसान तुमचं, पॉलिसी त्याच्या नावावर. तो दावा करू शकत नाही, कारण गाय त्याची नाही. तुम्ही करू शकत नाही, कारण पॉलिसी तुमची नाही. बहुतेकांची गाय नेमकी याच फटीत सापडते. विक्री ते नव्या विम्यापर्यंतच्या दोन-चार दिवसांत तिला कोणी वाली नसतो, आणि त्याच दिवसांत ती गाडीत असते.

सरकारी अनुदानातली पॉलिसी असेल तर उरलेल्या मुदतीसाठी ती नव्या मालकाच्या नावावर करण्याची तरतूद आहे. खाजगी असेल तर कंपनीला विचारा. दोन्हीकडे कंपनीला लेखी कळवावं लागतं. कानातला बिल्ला तोच ठेवायचा आणि त्याचा नंबर बाजार पावतीवर किंवा विक्रीच्या कागदावर घालायचा.

गोठा_आणि_मी

मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्या गोठ्यावर घडलेलं सांगते, दादांना उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी एक गाय आणली. वाटभर काही झालं नाही. दारात गाडी मागे घेतली, फाळका पाडला. हौद्याची पातळी वर आणि मातीचा उंचवटा खाली, मध्ये हातभर फट. गाय अंधारातून उजेडात आल्यावर बिचकली, उडी घ्यायला गेली आणि पुढचा उजवा पाय त्या फटीत गेला. मागून दुसरी गाय ढकलत होती. पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, दोन महिने केलं सगळं, पण गाय परत नीट उभी राहिली नाही. दूध तुटलं.

विमा आम्ही आधीच काढला होता, बिल्ला होता, पावती होती. दावा नामंजूर झाला. कारण काय, तर पॉलिसी मृत्यूची होती, कायमच्या अपंगत्वाचं कलम वेगळं असतं आणि ते जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं. विमा काढताना आम्हाला कोणी सांगितलं नाही. एजंटाने फॉर्मवर सह्या घेतल्या आणि गेला. त्या वेळी फार मनस्ताप झाला. म्हणून कळकळीने सांगते, दुभत्या आणि गाभण गाईला अपंगत्वाचं कलम मागून घ्या. जनावराच्या वाहतुकीत मरण्यापेक्षा मोडणं जास्त असतं. पाय, कंबर, सड. सड तुडवला गेला तर गाय जिवंत असते, धडधाकट दिसते, पण त्या सडाचं दूध गेलं. त्याचे पैसे कोणतीच पॉलिसी देत नाही.

आणि दादा, गाई उतरवायच्या आधी दारातला बांध हौद्याच्या बरोबरीला आणून ठेवा. नाहीतर फळ्या आणि पोत्यांचा उतार करा.

जुना_चालक

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. मी पिकअप आणि आयशर दोन्ही चालवल्यात, खरसुंडी, जत, पुसेगाव, सांगोला सगळे बाजार केलेत. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, गाडी बघायला लाजू नका. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत, फिटनेस दिसतं. नंबरप्लेट पिवळी असली पाहिजे. पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून भाडं मारणं, शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून भाड्याने जनावरं नेणं, हे सगळीकडे चालतं. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच बोट ठेवते. लायसन्सचं लोक घाबरवतात. साडेसात टनांच्या आतल्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं लायसन्स पुरतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलंय.

दुसरी, माणसं. गाईबरोबर कोणीतरी यायलाच पाहिजे, आणि त्याला केबिनमध्ये बसवा. 'मी गाईजवळ उभा राहतो' म्हणत पोरं हौद्यात चढतात. मोटार वाहन कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीपासून मालाबरोबर चाललेला मालक किंवा त्याचा माणूस गाडीच्या विम्यात धरला जातो, पण तो केबिनमध्ये बसलेला असावा, असं कोर्टांनी सांगितलंय. हौद्यातून पडून कोणाचं काही झालं तर गाईपेक्षा मोठं संकट घरावर येतं. आणि 'येता येता आम्हाला पण सोडा' म्हणणारे पाहुणे मालाचे मालक नसतात. त्यांना विमा नाही, ते सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून टाकलंय. माझ्या गाडीत मी कोणाला घेत नाही, राग आला तरी.

हौद्यात उसाचं पाचट टाका, वर गोणपाट. नुसत्या पत्र्यावर शेण-मूत पडलं की खूर ठरत नाही. घाटात ब्रेक मारला की गाय बसते, आणि बसलेली गाय दुसरी तुडवते. तोंड केबिनकडे करून बांधा. दावं इतकंच ठेवा की मान हलेल, पण गाय वळणार नाही. जो चालक म्हणतो 'चार बसतात, अजून दोन भरा, भाडं वाटून घ्या', त्याची गाडी घेऊ नका.

डॉक्टर_जनावरांचे

मी पशुवैद्यक आहे. चालकभाऊंनी सांगितलं ते नियमांतही आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम पाहा: ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-म्हशी नाहीत, तळाला न घसरणारं अंथरूण, बरोबर एक माणूस, त्याच गाडीत दुसरा माल नाही, जनावराचं तोंड शक्यतो इंजिनाकडे. मोटार वाहन नियमांत नंतर आलेल्या तरतुदीत गाय-म्हशीला माणशी नव्हे, जनावरशी दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. तुमच्या पिकअपचा हौदा मोजा, म्हणजे दोन गाई आणि कालवड नीट मावतात का, ते कळेल. नियम मोडून भरलेल्या गाडीतला दावा कंपनीला नाकारायला सोपा जातो. पोलिसांनी अडवलं तर वेगळाच घोळ.

प्रवासासाठी आमचा दाखला लागतो. तो फक्त सहीपुरता घेऊ नका, जनावर तपासून घ्या. गेल्या ७२ तासांत व्यालेली गाय आणि प्रवासात विण्याची शक्यता असलेली गाय नियमानेच प्रवासाला अयोग्य आहे. तुमची गाभण गाय सात महिन्यांची आहे, ती चालेल. पण तारीख खरी आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. विकणारा दोन महिने इकडे-तिकडे सांगतो. २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद केली आहे, म्हणून बारा आकडी बिल्ला असलाच पाहिजे. बिल्ला गळाला असेल तर भरण्याआधी नवा मारून घ्या. विमा कंपनीसाठी बिल्ला नाही तर दावा नाही.

आता विम्यातली खरी मेख. नव्या पॉलिसीत रोगासाठी साधारण पहिले पंधरा दिवस धरत नाहीत, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून धरतात. आणि प्रवासाचा ताण नेमका या पंधरा दिवसांत बाहेर पडतो. गाय रात्री उतरते, दुसऱ्या दिवशी चारा सोडते, ताप, धाप, नाकातून पाणी. फुप्फुसाचा दाह किंवा घटसर्प. तीन-चार दिवसांत जातेसुद्धा. मालक म्हणतो 'प्रवासामुळे गेली', कंपनी म्हणते 'रोगाने, पंधरा दिवसांच्या आत'. म्हणून एक तर व्यवहार ठरल्या दिवशी विमा काढा आणि जमल्यास पंधरवडा गाय तिथेच ठेवून मग आणा, नाहीतर विकणाऱ्याची चालू पॉलिसी नावावर करून घ्या. तिच्यात हा काळ आधीच सरलेला असतो. दुसरं मला जास्त बरं वाटतं. घटसर्प, लाळ-खुरकूत आणि लम्पीची लस झाली आहे का, ते पशुधनाच्या नोंदीत बघा. लस प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

रानवाटा

एवढे कागद, एवढे दाखले केले तर माणूस गाय कधी आणणार? आमच्या आज्यापासून जनावरं शब्दावर आली. गाय कशी भरली याची चालकाला चिठ्ठी लिहायला सांगितली तर तो उद्या फोन उचलणार नाही.

जुना_चालक

राग मानू नका, पण मी चिठ्ठी मागतो. गाडीत चढताना गाय लंगडत होती की नाही, हे लिहिलेलं असलं तर उतरल्यावर माझ्या माथी मारता येत नाही. भरताना दोन्ही बाजूंनी आणि कासेचा मोबाईलवर व्हिडिओ काढतो, मालकाला तिथेच पाठवतो. शब्द तर आहेच. पण दोन लाखांचं नुकसान झालं की शब्दावर चालणारे दोघंही कोर्टात दिसतात.

कोर्टाची_पायरी

भाऊंनी चिठ्ठीचं सांगितलं, त्यावर कायद्याच्या बाजूने थोडं.

रस्त्याने माल वाहण्याचा कायदा (कॅरेज बाय रोड अॅक्ट) २००७ आहे, तो मार्च २०११ पासून लागू झाला. नोंदणीकृत वाहतूकदार, जो पावती देऊन कोणाचाही माल नेतो, तो मालाला जबाबदार असतो. पण मालाची किंमत पावतीवर लिहिलेली नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. हिशोब करा. भाडं चार हजार, तर जास्तीत जास्त चाळीस हजार. गाय लाखाची. म्हणून पावतीवर गाईची किंमत घालून घ्या, त्याने भाडं थोडं वाढवलं तरी. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावाच टिकत नाही.

ओळखीचा पिकअपवाला या व्याख्येत बहुधा बसत नाही. त्याच्यावर भारतीय करार कायदा लागू होतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणं त्याच्यावर येतं. हेळसांड झाली तर तो देणं लागतो. फक्त त्याच्याकडे विमा नसेल तर हुकूमनामा हातात घेऊन वसूल कशातून करणार, हा प्रश्न उरतो.

दुसरं, धोका कोणाचा? वस्तू विक्री कायदा १९३० प्रमाणे मालकी गेली की धोकाही गेला. ठराविक गाय ठरली, सौदा बिनअटीचा झाला, की गाय त्याच्या गोठ्यात असतानाच तुमची होते, पैसे पुरे दिले नसले तरी. वेगळं ठरवायचं असेल तर लिहून घ्यावं लागतं. 'गाई विट्याच्या गोठ्यात सुखरूप उतरल्यावर ताबा व मालकी' असं एक वाक्य घातलं तर विकणाऱ्याची पॉलिसी वाटेतसुद्धा जिवंत राहते, कारण गाय अजून त्याची असते. विकणारे सहजी तयार होत नाहीत. पण विचारायला काय हरकत आहे?

कंपनीने दावा अडवला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे आहे. ताईंच्या बाबतीत अपंगत्वाचं कलम न सांगता सह्या घेतल्या, हा मुद्दा तिथे मांडता आला असता.

घाटमाथ्यावरचा

मंडळी, मनापासून आभार. आज तीन फोन केले. विकणाऱ्याची पॉलिसी अनुदानातली निघाली, बिल्ले जुळतात. नावावर करायचा अर्ज दोघांच्या सहीने द्यायचा आहे. कंपनीकडून लेखी आल्याशिवाय गाई भरणार नाही, आठवडा गेला तरी चालेल. अपंगत्वाचं कलम त्या पॉलिसीत नाही, ते मध्येच जोडता येतं का विचारलंय. पिकअपवाला चिठ्ठीला तयार आहे, उलट म्हणाला की नमुना द्या, मी इतरांकडूनही घेईन. वाटेत काही झालंच तर लगेच काय करायचं, तेवढं सांगा.

विमावाला_कराड

गाय मेली तर जागेवरून हलवू नका आणि पुरू नका. आधी कंपनीला फोन, मग बिल्ला दिसेल असे गाईचे फोटो, गाडीचे आणि रस्त्याचे फोटो. जवळच्या पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन. अपघात असेल तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा. कापलेल्या कानासकट बिल्ला जपून ठेवा, कंपनी मागते. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, उशिरा कळवलं हे कारण फार वेळा पुढे येतं.

धुरळा_बैलगाडा

शर्यतीच्या खोंडाला हेच लागू का? पुसेगावच्या यात्रेला न्यायचाय. मागणी काही लाखांची आहे.

विमावाला_कराड

सावध राहा. पॉलिसीत जनावराचा उपयोग लिहिलेला असतो. 'शेतीकाम' लिहून शर्यतीला नेलं आणि वाटेत काही झालं तरी कंपनी हरकत घेते. उपयोग खरा लिहा. आणि किंमत पशुवैद्यकाच्या मूल्यांकनावर ठरते, मैदानातल्या मागणीवर नाही. तुमच्या मनातली किंमत मिळणार नाही, हे आधीच धरून चला.

माणदेशी

एक माझंही. कोकणाकडे उतरताना मेंढरं ट्रकने न्यायची झाली तर?

डॉक्टर_जनावरांचे

साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपेक्षा जास्त मेंढ्या-शेळ्या नकोत. लहान कोकरं आणि गाभण मेंढ्या वेगळ्या ठेवा. अनुदानित विम्यात दहा मेंढ्या मिळून एका मोठ्या जनावराएवढ्या, म्हणजे एक पशू एकक धरतात. २०२४ पासून लाभार्थ्याने प्रीमियमचा १५ टक्के हिस्सा भरायचा, बाकीचा केंद्र आणि राज्य भरतं. पण प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला पाहिजे, आणि मेंढपाळ बिल्ला मारून घ्यायला नको म्हणतात. कान फाटतो म्हणतात. नीट जागी मारला तर फाटत नाही. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात निघायच्या महिनाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे वाड्यावर येऊन एका दिवसात सगळ्या कळपाचं करता येतं.